राघूचा पिंजरा आणि वनखात्याचा पंचनामा



घरात पोपट पाळणे हा गुन्हा आहे, असे सांगितले की आपल्याकडच्या बायका आधी हसतात. मग एकेक आठवण निघते. कुणाच्या आजोळी सोप्यावर पितळी पिंजरा टांगलेला असायचा, कुणाचा राघू आल्यागेल्याला "जय जिनेंद्र" म्हणायचा, कुणाचा चतुर्दशीला ओली मिरची न दिल्याबद्दल दिवसभर कावलेला असायचा. शेवटी एक प्रश्न येतोच. "आपण त्याला मारतो थोडेच? उलट पेरू-डाळिंब खायला घालतो. मग गुन्हा कसला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे, म्हणजे बरेच मागे जावे लागते. सध्या हा विषय आमच्या महिला मंडळात फार बोलला जातो आहे, त्याला कारणही तसेच घडले आहे.

मंडळातल्या एक ज्येष्ठ भगिनी, वय पंच्याहत्तरच्या पुढे. नऊ वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात अंगणातल्या झाडाची फांदी मोडली, ढोलीतली पिल्ले खाली पडली. त्यातले एक वाचले. त्यांनी ते कापसात ठेवून, भिजवलेली डाळ वाटून, बोटाने भरवून जगवले. एका पंखात दोष राहिला, तो नीट उडेना. राघू घरचाच झाला. यंदा कुणीतरी तक्रार केली. वनखात्याची दोन माणसे आली, सभ्यपणे बोलली, पंचनामा केला, जबाब घेतला आणि राघूला घेऊन गेली. काकूंवर गुन्हा नोंदला गेला. त्या मला म्हणाल्या, "अगं, उभ्या जन्मात सूर्यास्तानंतर पाणी प्यायले नाही मी, आणि आता कागदावर माझ्या नावापुढे 'आरोपी' लिहिलंय." कोठडीची भीती त्यांना फारशी नव्हती. तो एक शब्द त्यांच्या मनातून जात नव्हता.

त्यानंतर मी हा कायदा आणि आपले ग्रंथ दोन्ही शेजारी ठेवून वाचायला बसले. जे हाती आले ते तुम्हाला सांगते.

आधी आपले घर. नेमी-राजुलची कथा तुम्हाला सांगायला नको. वरात निघालेली, जुनागडच्या वाटेवर वाड्यात कोंडलेले पशू ओरडत होते. नेमिकुमारांनी सारथ्याला विचारले, हे कशासाठी? उत्तर ऐकले आणि रथ वळवला, तो गिरनारकडे. आपण ही कथा ऐकतो तेव्हा लक्ष राजुलच्या दुःखाकडे जाते, ते साहजिक आहे. पण त्या क्षणी त्या पशूंचा वध अजून झालेला नव्हता. नेमिकुमारांच्या कानावर आला तो कोंडलेल्या जिवांचा आवाज.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी हेच पाच थोड्या वेगळ्या शब्दांत सांगितले आहेत, तिथेही बंधन आहेच. आपण पाठशाळेत हे पाच शब्द घोकलेले असतात. 'वध' म्हणजे इथे जीव घेणे नव्हे, काठी-चाबकाने मारणे, हेही शिकवलेले असते. पण सूत्राच्या यादीत पहिला शब्द 'बंध' आहे, यावर मी तरी कधी थांबून विचार केला नव्हता. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ असा लावला आहे की, जिवाला ज्या ठिकाणी जायचे आहे तिथे जाण्यास अटकाव होईल अशी गोष्ट म्हणजे बंध. यात खायला घातले की नाही, प्रेम केले की नाही, याचा उल्लेखच नाही. खाणे रोखण्याचा अतिचार वेगळा मोजला आहे. म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाला डाळिंब घातल्याने पाचवा अतिचार टळला, पहिला तसाच राहिला. जमेच्या बाजूला कितीही चांगली रक्कम असली तरी ती वेगळ्या खात्यातली.

मग प्रश्न येतो की गाई-बैल बांधल्याशिवाय संसार कसा चालायचा? आपले श्रावकाचार लिहिणारे आचार्य काही हवेत राहणारे नव्हते. नंतरच्या ग्रंथांत याचा बारीक विचार आहे. गरजेसाठी बांधणे वेगळे आणि निष्काळजीपणे वा बिनगरज बांधणे वेगळे. जनावर बांधायचेच तर दोर सैल असावा, गाठ अशी असावी की आग लागली तर पटकन सोडता येईल. आणि सगळ्यांत बरे म्हणजे, न बांधता राहतील अशीच जनावरे श्रावकाने ठेवावीत. आगीच्या वेळी गाठ सुटली पाहिजे, हा विचार वाचून मला त्या आचार्यांविषयी फार आपुलकी वाटली. त्यांनी गोठा पाहिलेला होता.

पोपटाचा तर नाव घेऊन उल्लेख आहे. बाराव्या शतकात गुजरातेत, कुमारपाळ राजाच्या काळात, हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्र लिहिले. श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे, म्हणजे पंधरा कर्मादाने, त्यात येतात. त्यांतल्या 'असतीपोषण' या धंद्यात पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पाळणे येते, आणि त्याच ओळीत दासी बाळगणेही. माणूस आणि पक्षी एकाच ओळीत! हा श्वेतांबर परंपरेतला ग्रंथ आहे. आमच्या दिगंबर घरांत तो फारसा वाचला जात नाही. पण वाचण्यासारखा आहे.

ग्रंथातले ग्रंथात राहिले असेही नाही. साधारण १५८३ मध्ये तपागच्छाचे आचार्य हीरविजयसूरी अकबराच्या बोलावण्यावरून गुजरातमधल्या गंधारहून पायी विहार करत फत्तेपूर सिक्रीला गेले. बादशहाने भेटी देऊ केल्या, त्या साधूने घेतल्या नाहीत. त्याऐवजी मागितले ते असे: कैदी सोडावेत, पिंजऱ्यातले पक्षी सोडावेत आणि पर्युषणाच्या दिवसांत कत्तल थांबवावी. अकबर स्वतः कबुतरे उडवण्याचा मोठा शौकीन. तरी त्याने हे मानले आणि आचार्यांना जगद्गुरू ही पदवी दिली. राजसत्तेकडे पक्ष्यांच्या पिंजऱ्यांविषयी मागणी नेणारे पहिले कोण, हे मला सांगता येणार नाही, पण चारशे वर्षांपूर्वी ही मागणी आपल्या साधूने केली होती, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आता सरकारी कायद्याकडे येऊ. इंग्रजांच्या राज्यात पक्ष्यांसाठी पहिला कायदा १८८७ चा. त्यात नगरपालिका आणि छावण्यांना अधिकार दिला गेला की, विणीच्या हंगामात ताजे पकडलेले वा मारलेले रानपक्षी जवळ बाळगणे आणि विकणे यावर बंदी घालावी. मग १९१२ चा वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायदा आला. यादी वाचण्यासारखी आहे: माळढोक, बदके, तितर, लावे, मोर, रानकोंबडे, कबुतरे, बगळे, नीलपंख, खंड्या. निम्म्याहून अधिक शिकारीचे पक्षी, म्हणजे साहेबाच्या बंदुकीसाठी पुढच्या वर्षी शिल्लक राहावेत म्हणून राखलेले. बगळे, नीलपंख आणि खंड्या कशाला, तर त्यांची पिसे विलायतेतल्या बायकांच्या टोप्यांसाठी इतकी जायला लागली होती की पक्षी संपतात की काय अशी पाळी आली. बायकांच्या टोपीसाठी बगळे मारले जात होते आणि मग बायकांच्या टोपीमुळेच त्यांना कायद्यात जागा मिळाली. गुन्ह्याला दंड पन्नास रुपयांपर्यंत. पुन्हा पकडले तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या यादीत पोपट नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात तो कायद्याच्या कक्षेत नव्हताच, शिकारीचा नाही आणि टोपीचाही नाही. "आमच्या आजोळी होता की" म्हणणाऱ्या मैत्रिणीचे म्हणणे म्हणूनच खोटे नाही. आजोळी होता तेव्हा त्याला कुणी हरकत घेतली नसती.

बदल झाला १९७२ मध्ये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संसदेने मंजूर केला. वन्यप्राणी हा तेव्हा राज्यांचा विषय. अकरा राज्यांनी ठराव करून संसदेला तसा अधिकार दिला आणि मग देशभरासाठी एक कायदा झाला. त्यात प्राणी-पक्ष्यांच्या अनुसूची केल्या. मोर पहिल्या अनुसूचीत, पोपट चौथ्या. शिकारीची व्याख्या आपल्या बोलण्यातल्या शिकारीपेक्षा बरीच मोठी ठेवली. गोळी घालणे तर आलेच, पण जाळ्यात धरणे, फासा लावणे, पकडणे हेही शिकारच. आणि शिकार झालेला प्राणी सरकारी मालमत्ता. म्हणजे ढोलीतून पिल्लू काढले की शिकार झाली आणि ते परवानगीशिवाय घरात ठेवणे म्हणजे सरकारची वस्तू जवळ ठेवणे. काकूंच्या कागदावर जी कलमे आहेत त्यांचा मथितार्थ एवढाच.

सुरुवातीला चौथ्या अनुसूचीतल्या पक्ष्यांचा परवाना घेऊन व्यापार चाले, परदेशी निर्यातही होई. १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांचा व्यापार बंद झाला. पण बाजार बंद झाला नाही, तो आडोशाला गेला. भारतात पक्ष्यांच्या सुमारे तेराशे जाती आहेत, त्यांतल्या साडेचारशेच्या आसपास जाती कधी ना कधी बाजारात विक्रीला आलेल्या आढळल्या आहेत, असे वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने नोंदवले आहे. साध्या मुनियांना रंग लावून वेगळाच पक्षी म्हणून विकणे हाही त्यातलाच प्रकार. मग २०२२ ची दुरुस्ती आली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या, आणि गळ्याला गुलाबी कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंडाची मर्यादा पंचवीस हजार होती.

आकडे वाचून घाबरू नका. "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा आहे. हलक्या प्रकरणांत ठरवलेली रक्कम भरून अधिकाऱ्यासमोर तडजोड करण्याची सोय कायद्यात आहे. मात्र ती त्या अधिकाऱ्याची मर्जी आहे, आपला हक्क नव्हे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांचे वेगळे, तिथे किमान तीन वर्षांची कैद आहे. पाठीवर चांदण्या असलेले ते स्टार कासव, जे वास्तूला चांगले म्हणून कुणीकुणी घरात आणते, ते आता पहिल्या अनुसूचीत आहे. मुनिसुव्रतनाथांचे लांछन कासव आहे खरे, पण भगवंतांच्या पायाशी ते कोरलेले असते. काचेच्या पेटीत नशीब उजळायला आणलेल्या जित्या कासवाशी त्याचा काही संबंध नाही.

मोराचाही एक प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो, तो इथेच सांगून टाकते. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, कायद्यात पहिल्या अनुसूचीत. मग मुनिमहाराजांची पिच्छी? या कायद्याने मोराच्या शेपटीच्या पिसांना व्यापाराच्या बंधनांतून वगळले आहे. मोर दरवर्षी पावसाळ्यानंतर पिसे आपोआप टाकतो आणि पिच्छी त्या गळालेल्या पिसांचीच असते. मोर मारून काढलेले पीस मात्र गुन्ह्यातलेच, आणि आपल्या दृष्टीने तर ती पिच्छीच नव्हे.

इथवर मला कायदा आणि सूत्र हातात हात घालून चाललेले दिसत होते. नंतर एक प्रकरण वाचले आणि ते सोपे राहिले नाही.

उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात एका तरुण शेतकऱ्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतात पाय मोडलेला सारस सापडला. त्याने पायाला काठी बांधली, हळद-तेल लावले, खायला घातले. सारस बरा झाला. त्याला पिंजरा नव्हता, दोरी नव्हती. तो उडून जाई आणि परत येई. त्या माणसाच्या ताटातले खाई, त्याची मोटारसायकल निघाली की वर आकाशात मागे मागे उडत जाई. लोकांनी चित्रफिती काढल्या, देशभर गाजल्या. आणि २१ मार्च २०२३ ला वनखात्याने सारस नेला. सारस हा त्या राज्याचा राज्यपक्षी. त्या तरुणावर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पक्ष्याला आधी रायबरेलीच्या समसपूर पक्षी अभयारण्यात सोडले, तिथून तो भटकला, आणि काही दिवसांत त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. पुढच्या महिन्यात तो तरुण तिथे भेटायला गेला, तर जाळीच्या आत तो पक्षी त्याला पाहून पंख पसरून नाचू लागला. तीही चित्रफीत सगळ्यांनी पाहिली.

आता सांगा, बंध कुणी केला? जिकडे जायचे तिकडे जाऊ न देणे हा अर्थ धरला, तर वर्षभर तो सारस बंधात नव्हता, आणि सोडवल्यानंतर बंधात पडला.

मी वनखात्याची बाजूही समजून घेतली. सारस जोडीने राहणारा पक्षी आहे, माणसाच्या अति सवयीने तो आपल्या जातीत मिसळायचा राहतो, आणि एकाला सूट दिली तर उद्या दहाजण "जखमी सापडला" म्हणून पिल्ले घरी आणतील. यातला शेवटचा मुद्दा मला पटतो. कायद्याला माणसाच्या मनात शिरता येत नाही. त्याला दारात उभे राहून एवढेच दिसते की पक्षी आहे आणि परवानगी नाही. काकूंच्या अंगणात फांदी मोडली होती की कुणी ढोलीत हात घातला होता, हे पंचनाम्याला कसे कळणार? पण म्हणून काकूंना आणि पिल्ले विकणाऱ्याला एकाच शब्दाने हाक मारावी, हेही माझ्या गळी उतरत नाही. आपल्या आचार्यांनी आगीच्या वेळच्या गाठीचासुद्धा विचार केला होता. गरजेचे आणि बिनगरजेचे, सांभाळणारे आणि कोंडणारे, असा भेद त्यांनी ठेवला. पन्नास वर्षांच्या कायद्यात तो अजून आलेला नाही. तडजोडीची सोय हीच काय ती त्यातली फट.

कायदा बाजूला ठेवून आता आपल्याकडे येते, कारण हे लिहिण्यामागे माझे खरे दुखणे इथे आहे. महावीर जयंतीला, पर्युषणात, कुणाच्या वाढदिवसाला आपल्यातली माणसे बाजारात जाऊन पक्षी विकत घेतात आणि मंदिराबाहेर सोडतात. फोटो निघतात, अनुमोदना होते. हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. पण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मागणी आणि पुरवठा शिकलेल्या कुणालाही पुढचे कळेल. पर्युषणात गिऱ्हाईक येणार हे पारध्याला आपल्या पंचांगाइतकेच नीट ठाऊक असते. तो त्या बेताने आधी जाळी लावतो. शंभर पक्षी सुटावेत म्हणून किती पकडले जातात आणि वाटेत किती मरतात, हा हिशोब आपल्या फोटोत येत नाही. सोडलेले पक्षीही दमलेले, पंख दुखावलेले. कावळे आणि घारी वाटच पाहत असतात.

याविषयीही जुन्या टीकाकारांनी लिहून ठेवले आहे, ते पाहून मी चकित झाले. पंधरा कर्मादानांत 'दंतवाणिज्य' आहे, म्हणजे हस्तिदंत वगैरेंचा व्यापार. तिथे ते बजावतात की, रानातल्या लोकांना आगाऊ पैसे देऊन दात मागवू नयेत. कारण व्यापारी येणार म्हणून ते हत्ती मारतात. हत्ती मारणारा हात दुसऱ्याचा असला तरी मारायला लावणारा पैसा श्रावकाचा. हस्तिदंताच्या जागी मुनिया ठेवून हा परिच्छेद पुन्हा वाचावा. शिवाय विकत घेतलेला पक्षी काही मिनिटे का होईना आपल्या ताब्यात असतो, आणि ती खरेदीच बेकायदा. म्हणजे दया करायला गेलेली बाई त्याच कलमात सापडू शकते ज्यात काकू सापडल्या.

जीवदयेच्या दुसऱ्या वाटा आपल्याकडे आहेत आणि त्या आपणच घातलेल्या आहेत. मुंबईचे पांजरापोळ १८३४ चे. इंग्रज सरकार रस्त्यावरची कुत्री मारत होते, त्यावरून पारशी मंडळींनी १८३२ मध्ये मोठी दंगल केली होती, त्यानंतर जमशेदजी जीजीभाई यांच्या आणि मोतीशा शेठ यांच्यासारख्या जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचा धर्मादाय दवाखाना आहे. कबुतर, चिमणी, पोपट, काहीही आणा, उपचार फुकट. पण तिथला एक नियम आहे: बरा झालेला पक्षी मालकाला परत मिळत नाही. तो गच्चीवरून आकाशात सोडला जातो. पिंजऱ्यातला पोपट उपचारासाठी घेऊन येणाऱ्याला हे आधीच सांगतात. मला हा नियम फार आवडतो. त्यात पोलीस नाही, दंड नाही, कुणाला आरोपी म्हटलेले नाही.

गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरतेच्या एका प्रकरणात म्हटले की, पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे त्यांना बेकायदा कोंडणे आहे, आणि ते पक्षी सोडायला लावले. वाचताना मला पूज्यपादांची व्याख्याच आठवली.

शेवटी मंडळात जे प्रश्न आले त्यांची उत्तरे. पिल्लू पडलेले सापडले तर काय करावे? आधी वर पाहावे, बऱ्याचदा आई-बाप जवळच असतात. ढोली हाताशी असेल तर पिल्लू परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, हा समज खरा नाही. जखमी असेल आणि घरी घ्यावेच लागले तर ४८ तासांच्या आत जवळच्या वन कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात कळवायचे असते. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा फुकट क्रमांक आहे. फोन केल्याची तारीख-वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

लव्हबर्ड, बजरिगर, कॉकटेल हे परदेशी आहेत, ते चालतात का? बजरिगर आणि कॉकटेल या कायद्याच्या याद्यांत येत नाहीत. लव्हबर्डच्या काही जाती मात्र येतात, म्हणून कुठली जात आहे ते विचारून घ्यावे. आफ्रिकन ग्रे, मकाव असे मोठे पोपट कुणाकडे असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी लागते. कायदा पक्षी कुठला ते विचारतो. सूत्र तसे विचारत नाही, ते ज्याचे त्याने पाहावे.

आणि आज ज्यांच्या घरी देशी पोपट आहे त्यांनी? कृपा करून भीतीने पिंजऱ्याचे दार उघडून त्याला खिडकीतून सोडून देऊ नका. हाताने वाढलेल्या पक्ष्याला खाणे शोधता येत नाही, माणसाची भीती नसते, आणि कावळे त्याला तासाभरात गाठतात. नणंदेला किंवा कामवाल्या बाईला देऊनही टाकू नका, त्याने गुन्हा फक्त दुसऱ्या घरी जातो. घरातले एखादे जाणते माणूस बरोबर घेऊन आपण होऊन वनखात्याकडे जावे आणि पक्षी कसा, कधी आला ते खरे सांगावे. आपण होऊन आलेल्याकडे आणि तक्रारीवरून सापडलेल्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते, असे मला ज्यांना विचारले त्या वकील ताईंनी सांगितले. उडू शकणाऱ्या पक्ष्यांना उपचार केंद्रात मोठ्या जाळीत इतर पोपटांबरोबर ठेवून, उडण्याची सवय करून मग सोडतात. काकूंच्या राघूसारखे न उडणारे तिथेच राहतात.

नेताना पक्षी पिंजऱ्यासकट न्यावा, वरून पातळ सुती कापड टाकावे म्हणजे रहदारीत तो बुजत नाही, आणि त्याच्या नेहमीच्या खाण्याची चिठ्ठी लिहून बरोबर द्यावी. किती वाजता काय खातो, तेही लिहावे.